तवाबाईंचा राग

पहिल्याच भेटीत तवाबाईंनी मला दुकानाबाहेर काढलं होतं. माझा गुन्हा एवढाच, की मी काटा मागितला आणि वर विचारलं, "थोडं चीज मिळेल का? ते पिवळं, किसलेलं?" त्यांनी तव्यावरून नजर न हलवता एक बोट रस्त्यापलीकडे रोखलं. "चीज? सुपरमार्केट तिकडे. काटा पण तिकडे." मग माझ्यापुढची ताटली उचलली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या एका चिनी आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी ती घेतली आणि माझ्याकडे बघत बघत, उभ्या उभ्या, हाताने चाटूनपुसून खाल्ली. वयाची पंचेचाळिशी, डोक्यावरचे केस मोजके, कंपनीत क्वालिटी विभागाचा मॅनेजर. आणि पोटच्या पोरीसमोर ही अवस्था. सई म्हणाली, "बाबा, यू आस्क्ड फॉर इट, लाह."

हे लिहिताना मला राग येतो आहे, हे आधीच सांगून टाकतो. तवाबाईंचा नव्हे. त्यांच्या रागाची मला इतकी सवय झाली होती की आठवड्यातून एकदा तो मिळाला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. राग कुणाचा, ते पुढे येईलच.

सिंगापूरच्या आंग मो किओ भागात आमच्या शेजारच्या ब्लॉकखाली, शोभेचे मासे विकणारं दुकान आणि एक सलून यांच्या मधल्या फटीत तवाबाईंचं मेक्सिकन खानावळीचं दुकान होतं. आत सहा टेबलं. बाहेर दोन खुर्च्या, त्यांतली एक डगमगती. टोपी नाही, गिटार नाही, भिंतीवर निवडुंगाचं चित्रसुद्धा नाही. एक कॅलेंडर होतं, तेही माशांच्या दुकानाने दिलेलं. बाईंचा नवरा जहाजावर इंजिनिअर होता. तो त्यांना मेक्सिकोतल्या ओआहाकाहून इथे घेऊन आला, आणि काही वर्षांनी वारला. बाई राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर राहिला त्यांचा तवा: चांगला परातीएवढा, काळा कुळकुळीत, सकाळी अकराला तापलेला तो रात्रीच बंद व्हायचा. त्यांचं खरं नाव मला नीट येतं. पण घरात आम्ही त्यांना तवाबाईच म्हणायचो, कारण तवा कुठला आणि बाई कुठली हे तापमानावरून सांगता यायचं नाही.

त्यांचं मुख्य भांडण जगाच्या सवडीशी होतं. मक्याची टॉर्टिया तव्यावरून उतरली की ती त्याच क्षणी तोंडात गेली पाहिजे. कुणी फोन वर करून फोटो काढायला लागला की तव्यामागून आवाज यायचा, "टॉर्टिया थांबत नाही! तू थांब!" हे त्यांचं घोषवाक्य. त्यात व्याकरण नव्हतं, पण अर्थ पुरेपूर होता. एकदा एका सुटाबुटातल्या माणसाने ताटली समोर आल्यावर फोन घेतला आणि "येस, येस, नेक्स्ट क्वार्टर" असं सुरू केलं. बाई आल्या, त्याची टॉर्टिया उचलली, स्वतः खाल्ली आणि निघून गेल्या. माणूस बघतच राहिला. दोन मिनिटांनी नवी आली. तेव्हा त्याने फोन खिशात घातला होता.

दुसरा राग टिशूच्या पाकिटांवर. इथे टेबलावर टिशूचं पाकीट ठेवून जागा अडवायची रीत आहे, आणि अख्खा देश त्या पाकिटाला तलाठ्याच्या सातबाऱ्याइतका मान देतो. तवाबाई देत नसत. टेबलावर बेवारस पाकीट दिसलं की त्या ते फोडायच्या आणि त्यातल्या कागदांनी तव्याची कड पुसायच्या. मालक परत आला की सांगायच्या, "ग्रासियास. तवा स्वच्छ झाला."

मग अशा बाईकडे आम्ही परत गेलोच का? कारण रस्त्यावर वास यायचा. भाजणाऱ्या मक्याचा, जरा करपल्यासारखा, भाकरीच्या पापुद्र्याचा असतो तसा. नीलिमा, म्हणजे माझी बायको, त्या वासाने दुकानाबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, आत काय असेल ते असो, करणारीला भाकरी कळते." नीलिमा कट्टर शाकाहारी. मी मंगळवार-शनिवार सोडून बाकीच्या दिवशी धर्मनिरपेक्ष. आत गेलो. मी काटा मागितला नाही. नीलिमाने भोपळ्याची भाजी घातलेल्या तीन टॉर्टिया खाल्ल्या आणि मग शेजारच्या ताटलीतल्या काळ्या घेवड्याच्या लगद्याकडे बोट दाखवलं. फ्रिहोलेस म्हणतात त्याला. बाईंनी मान जोरात हलवली. "तू नाही. यात मांतेका. डुकराची चरबी. माझी आई करायची तसं. तू नाही." आम्ही न विचारता त्यांनी सांगितलं, हे मला इथे ठळकपणे लिहून ठेवायचं आहे.

आमची खरी ओळख चुन्याने झाली. एका दुपारी दुकान उघडं, तवा थंड, आणि बाई डोक्याला हात लावून बसलेल्या. त्यांच्याकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. मग त्याचं साल सुटतं आणि पीठ चिकट होतं. गावाहून येणारा चुना संपला होता आणि आणणारी व्यक्ती आलीच नव्हती. बाई कुणाला तरी स्पॅनिशमध्ये शिव्या देत होत्या, बहुधा चुन्यालाच. त्यांनी हातवारे करून मला ती पांढरी पूड समजावली, आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. लिटल इंडियात पानाच्या टपरीवर गेलो, खायच्या चुन्याचे डबे घेतले आणि आणून समोर ठेवले. आयुष्यभर तंबाखू मळणाऱ्या माझ्या काकांकडून मला मिळालेलं हे एकमेव उपयुक्त ज्ञान. बाईंनी चुना बोटावर घेतला, हुंगला, चोळला, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. पुढचे दोन दात सोन्याचे होते. दुसऱ्या दिवशी पहिली टॉर्टिया त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली, हात भाजला म्हणून मी नाचलो, आणि त्या म्हणाल्या, "थांबू नको, खा, वेसिनो."

वेसिनो म्हणजे शेजारी. इतर सगळी गिऱ्हाइकं म्हणजे "यू" होती. मी वेसिनो झालो. चुना दर महिन्याला मी पोचवायचा, असं न बोलता ठरलं. बदल्यात ओरडा मला जास्त बसायला लागला. उशिरा आलो की ओरडा. साल्सा कमी घेतला की ओरडा. सईने इंग्रजीत उलट उत्तर दिलं की मला ओरडा. हळूहळू कळलं, की परक्यांवर त्या एकदाच ओरडत. रोज ओरडायला माणूस आपला लागतो.

आणि मग मडकं आलं. एका शुक्रवारी नीलिमापुढे त्यांनी एक छोटं मातीचं मडकं आपटलं. आत फ्रिहोलेस, तेलात केलेले, चरबीशिवाय. "आईला सांगू नको," असं म्हणून त्यांनी वर आकाशाकडे बघितलं. नीलिमाने ते मडकं बोटाने निपटून खाल्लं. तेव्हापासून दर शुक्रवारचं ठरलं, पण एक अट: "वेसिनो, आदल्या दिवशी सांग. घेवडा रात्री भिजतो. मी देव नाही." मग मी गुरुवारी फोन करायचो, दोनच शब्द: "उद्या नीलिमा." पलीकडून "सी", म्हणजे हो, आणि फोन आपटल्याचा आवाज.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. पण शोध लावलेल्या माणसाला तो जगाला सांगितल्याशिवाय अन्न पचत नाही. आमचा मराठी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. 'आपला कट्टा' नाव. त्यावर मी तवाबाईंचं वर्णन टाकायला लागलो. ऑफिसच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या पोरांना जेवायच्या सुट्टीत तिकडे पिटाळायला लागलो. दुपारची निम्मी टेबलं आमच्या लोकांनी भरायला लागली, आणि त्याचं श्रेय मी असं मिरवायचो, की जणू मका मीच शोधला. शाकाहारी मंडळींना तर मी छातीवर हात ठेवून सांगायचो, "फ्रिहोलेस खाच! शुद्ध शाकाहारी. आमची ही दर शुक्रवारी खाते."

मडकं वेगळं होतं. ते सांगून करावं लागायचं. दर गुरुवारी मी स्वतः फोन करत होतो. तरी बोलताना माझ्या डोक्यातून ते साफ गळलं. कारण आपल्या टेबलावर जे येतं तेच जगात सगळीकडे शिजतं, असं मानायची आपल्याला सवय असते. ही सवय मला बदनाम करायची नाही, पण करतो.

एका शनिवारी दुपारी कट्ट्याचं सहभोजन तिथे ठरलं. नीलिमा तेव्हा पुण्याला गेली होती, नाहीतर तिने पहिला प्रश्न मडक्याचाच विचारला असता. मी फोन केला, "शनिवारी बाराजण." "बारा. तेराव्याला हाकलीन," बाई म्हणाल्या. मी माणसं सांगितली, मडकं सांगितलं नाही. आणि शनिवारी आले बावीस. आपल्याकडे बाराचे बावीस कसे होतात हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. "अहो, हिची बहीण आलीय, तिला घरी काय एकटं ठेवायचं?" एका गृहस्थांनी तर घरून कैरीचं लोणचं आणलं होतं, "सेफ साइडला."

बाई ओरडल्या. दोन भाषांत ओरडल्या. मग माशांच्या दुकानातून प्लॅस्टिकची स्टुलं आणली, बादल्या उलट्या घातल्या, आणि बावीस माणसांना बसवलं. हेही मला ठळकपणे लिहायचं आहे. एकटी बाई, तवा पेटलेला, हात न थांबता चालू, आणि इकडून फर्माइशी: कांदा नको, चीज द्या, अर्धं-अर्धं करून द्या, जरा तिखट करा. तव्यावरून त्यांनी मला हाक मारली, "वेसिनो! सगळे सगळं खातात?" मी बादली सरकवत होतो, दुसऱ्या हातात फोन होता, त्यावर कट्ट्यावरचा पाटणकर "रस्ता कळेना" म्हणत होता. मी हात हलवून म्हणालो, "सगळे, सगळे!"

तो हात मला अजून दिसतो. माशी हाकलावी तसा हलवलेला.

फ्रिहोलेस सगळ्यांच्या ताटलीत गेले. देशमुखवहिनींना फार आवडले. वहिनी साठीच्या, जन्मात अंड्याला हात न लावलेल्या, वुडलँड्सहून दोनदा बस बदलून आलेल्या. त्यांनी तिसऱ्यांदा घेतले आणि कौतुकाने विचारलं, "यात काय घालता हो? इतकं मऊ कसं?" शेजारच्या मुलीने त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. तवाबाईंना कुणी स्वयंपाक विचारला की त्यांचा चेहरा निवायचा. त्यांनी तव्यापासून मागे होऊन, अभिमानाने, सगळं सांगितलं. मांतेका. चरबी. कुठल्या प्राण्याची तेही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण लांबवलं तर मी त्यात स्वतःला सोडवायचा प्रयत्न करीन. वहिनी उठल्या आणि मोरीपाशी जाऊन चुळा भरायला लागल्या. त्यांचं रडणं खरं होतं. त्यांच्या जागी कुणीही रडलं असतं. टेबलांवर गलका झाला. पाटणकर, हा रॅफल्स प्लेसला बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, माझ्या अंगावर आला, "तू तर शुद्ध शाकाहारी म्हणाला होतास!" एकवीस तोंडं माझ्याकडे वळली. आणि मी बोट दाखवून म्हणालो, "मला बाईंनीच तसं सांगितलं होतं."

मराठीत म्हणालो. बाईंना मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण बोटाला भाषा लागत नाही. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. मग पाण्याचा पेला घेऊन मोरीपाशी गेल्या आणि वहिनींच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिल्या, "सॉरी, सेन्योरा. सॉरी." तवाबाईंच्या तोंडून सॉरी मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं तेही माझ्या वाटणीचं.

त्या संध्याकाळी पाटणकरने नेटवर दुकानाला एक तारा दिला. "मालकीण उद्धट. शाकाहारी लोकांना फसवून डुकराची चरबी खायला घालते. सावध राहा." त्याच पाटणकरने त्याच दुपारी डुकराच्या मटणाचे चार टॅको ओरपले होते आणि साल्सा शर्टाच्या बाहीला पुसला होता! त्याच्यामागून बाकीचे सरसावले. लोणचंवाल्याने लिहिलं, "चव बेताची." तीन वेळा वाढून घेतलं होतं मेल्याने. मजकूर इथल्या इतर भारतीय ग्रुपांवर गेला, वर धोक्याच्या लाल खुणा लागल्या, आणि पुढच्या सोमवारी इंडस्ट्रियल पार्कमधली सगळी पोरं हॉकर सेंटरच्या खाऊठेल्यांवर गेली. एकाच माणसाने एक अक्षर लिहिलं नाही: देशमुखवहिनींनी. ज्यांचं खरंच काही गेलं त्या गप्प होत्या, आणि ज्यांचं काही गेलं नाही ते धर्मरक्षणाला उभे राहिले. याचा मला संताप येतो. आणि या सगळ्यांना दारूगोळा मी पुरवला होता, हे आठवलं की संतापाला उभं राहायला जागाच उरत नाही.

मी काय केलं? ऑफिसला जाताना माशांच्या दुकानाच्या मागच्या बाजूने जायला लागलो. त्या महिन्याचा चुना नेऊन दिला नाही. आणि खोट्या नावाने पाच तारे दिले: "चव उत्तम, वातावरण प्रसन्न."

नीलिमा पुण्याहून आली. गुरुवारी म्हणाली, "फोन केलात का?" मग सगळं बाहेर आलं. ती ओरडली नाही. ती पाच ताऱ्यांचा मजकूर वाचत होती. "वातावरण प्रसन्न? तिथे?" मग फोन खाली ठेवून म्हणाली, "त्या बाईंनी तुम्हाला शेजारी म्हटलं होतं. आत्ताच्या आत्ता ग्रुपवर लिहा, चूक माझी आणि खोटंही मीच बोललो." मी लिहायला बसलो. लिहिलं, खोडलं. लिहिलं, खोडलं. पलीकडच्या सोफ्यावरून सई म्हणाली, "बाबा, एव्हरीवन कॅन सी यू टायपिंग." मी फोन चार्जिंगला लावला.

तो मजकूर शेवटी मी लिहिला, दुकानाच्या काचेवर 'लास्ट डे संडे' असा हाताने लिहिलेला कागद लागल्यावर. लीजची मुदत संपत आली होती, आणि रिकाम्या टेबलांवर कुणी नवं लीज करत नाही. ग्रुपवर सगळं खरं खरं सांगितलं. तीन जणांनी हात जोडले. लोणचंवाले म्हणाले, "असो. झालं गेलं." पाटणकरने लिहिलं, "होतं रे, मी काढून टाकतो." त्याखालचा संदेश होता, "कुणाकडे जास्तीचा प्रेशर कुकर आहे का?" पाटणकरचा तो एक तारा अजून तिथेच आहे. दुकान गेलं, तारा आहे.

रविवारी आम्ही तिघं गेलो. मी चुन्याचा डबा घेतला होता. दुकान बंद होताना चुना कशाला, हे मला लिफ्टमध्ये सुचलं. आत गर्दी होती, ते चिनी आजोबाही होते. बाई तव्यापाशी. नीलिमाला बघून त्यांनी तिच्यापुढे मडकं आपटलं. कुणी फोन केला नव्हता. तरी घेवडा आदल्या रात्री भिजला होता. नीलिमाचे डोळे भरले, तिचा हात थांबला, आणि तव्यामागून आवाज आला, "टॉर्टिया थांबत नाही! नंतर रड!" सईने फोन काढला तर तिच्या डोक्यात टपली बसली.

मी तव्यापाशी गेलो. घोकलेलं सगळं म्हणालो: चूक माझी होती, मी खोटं बोललो, ग्रुपवर कबूल केलं आहे. डबा पुढे केला. त्यांनी टॉर्टिया उलटत शांतपणे ऐकून घेतलं. "ओके, सर," म्हणाल्या. "थँक यू, सर. प्लीज बसा."

माझी ताटली आली. शेजारी कागदी रुमालात गुंडाळलेला काटा होता. नवा कोरा, सुपरमार्केटचा.

"चीज हवं, सर?" त्यांनी विचारलं. फार नम्रपणे.

मी नको म्हणालो. काट्याला हात लावला नाही. टॉर्टियालाही नाही. मुद्दाम तिच्याकडे बघत बसलो. वाफ गेली, कड वळली, मधला भाग चामड्यासारखा झाला. मी फोनसुद्धा काढला आणि उगाच वर धरला. नीलिमा, सई, आजोबा, सगळ्यांना आळीपाळीने ओरडा बसत होता. मी ताटली तव्याच्या दिशेने जरा पुढे सरकवली, त्यांना नीट दिसावी म्हणून. त्यांना दिसली. त्यांनी मान लववली, ओळखीच्या नसलेल्या माणसाला लववतात तशी, आणि पुढची टॉर्टिया उलटली.